रेकॉर्ड डेट छापता, मग घ्यायचा शेवटचा दिवस कोण छापणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर सोमवारी शेअर बाजाराच्या पानावर 'या आठवड्यातील रेकॉर्ड डेट' असा चौकोन येतो, कंपनीचं नाव, किती टक्के डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून शेअरहोल्डरला वाटते तो पैसा), शेअरमागे किती रुपये आणि तारीख. मी तो नियमित वाचतो, आमच्या प्रतापनगरच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपमध्ये निदान सात-आठ जण तरी वाचतात, तर्री पोह्याच्या ठेल्यावर त्यावर चर्चाही होते. चांगलाच आहे तो चौकोन, बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्यात एक गोची आहे, तिच्यापायी माझ्या भाच्याचा एक सोमवार वाया गेला म्हणून हे पत्र.

झालं असं की भाच्याची नोकरी नवी, शेअर ठेवायचं डिमॅट खातं त्याहून नवं. सोमवारी सकाळी माझ्याकडे चहाला आला, पेपर उघडला, चौकोनात एका कंपनीपुढे त्याच दिवसाची तारीख होती, शेअरमागे १८ रुपये डिव्हिडंड. त्यानं मला काही न विचारता सव्वानऊ वाजता मार्केट उघडल्याबरोबर मोबाईलवरून १५० शेअर घेऊन टाकले. महिनाभरानं फोन, "मामाजी, पेपरमध्ये तर सोमवारच लिहून होता, मी सोमवारीच घेतले, मग पैसे काऊन नाही आले?"

आता यात पेपरची तारीख चूक नव्हती. सोमवारच होती रेकॉर्ड डेट. पण रेकॉर्ड डेट म्हणजे शेअर घ्यायचा दिवस नाही, त्या दिवशी संध्याकाळी कंपनी डिपॉझिटरीकडून, म्हणजे सगळ्यांची डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेकडून, यादी घेते की आज कोणाच्या डिमॅटमध्ये किती शेअर आहेत, बस. मतदार यादीसारखं आहे, त्या दिवशी यादीत नाव पाहिजे, नंतर तुम्ही ओरडून काय फायदा. आणि आज घेतलेला शेअर आज खात्यात पडतच नाही, आपल्याकडे टी प्लस वन आहे, म्हणजे सौदा झाला त्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर येतात. सोमवारी घेतलेले मंगळवारी आले, यादी सोमवारीच निघून गेली होती. त्याला शुक्रवारी घ्यायला पाहिजे होते. आणि आपला चौकोन छापून आला सोमवारी! म्हणजे सोमवारची जी जी रेकॉर्ड डेट त्यात असते ती वाचकाच्या दारात पेपर पडतो तेव्हाच शिळी झालेली असते, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानात कशी आली नाही याचं मला नवल वाटतं.

ही काही क्वचित होणारी गोष्ट नाही. रिलायन्सनं २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरवर एक फुकट, त्याची रेकॉर्ड डेट २८ ऑक्टोबर, सोमवार. घ्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार, २५ ऑक्टोबर. आयटीसीनं हॉटेलचा धंदा वेगळा काढला, दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर, त्याची रेकॉर्ड डेट ६ जानेवारी २०२५, तोही सोमवारच. घ्यायचा शेवटचा दिवस ३ जानेवारी. सोमवारी पेपर वाचून कोणी धावला असता तर दोन्हीकडे गाडी सुटलेलीच. आणि मध्ये सुट्टी आली तर आणखी मागे जावं लागते, गुड फ्रायडेनंतरच्या सोमवारची रेकॉर्ड डेट असली तर गुरुवारीच घ्यावे लागतात. सुट्टी मुंबईच्या मार्केटची बघायची हं, आपली नाही. मारबतीच्या दिवशी अख्खं नागपूर इतवारी-महालात 'घेऊन जा गे मारबत' करत असते, तिकडे मार्केट आरामात सुरू असते, आमचे एक स्नेही त्या दिवशी शेअर विकायचं विसरले ते अजून हळहळतात.

दुसरा घोळ जुन्या लोकांचा, म्हणजे आमचाच. आमच्या ग्रुपमध्ये एक काका अजून छातीठोक सांगतात की रेकॉर्ड डेटच्या दोन दिवस आधी घ्या. ते खोटं नाही, शिळं आहे. २००३ पासून आपल्याकडे टी प्लस टू होतं, म्हणजे शेअर दोन दिवसांनी यायचे, तेव्हा एक्स डेट, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर डिव्हिडंडविना विकला जातो तो दिवस, रेकॉर्ड डेटच्या एक दिवस आधी यायची. टी प्लस वन फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं आलं आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळ्या शेअरना लागू झालं. तेव्हापासून एक्स डेट आणि रेकॉर्ड डेट साधारण एकाच दिवशी येतात. काकांना मी हे तीनदा समजावून सांगितलं, ते म्हणतात दोन दिवस आधी घेतले तर काय बिघडते. बिघडत तर काही नाही, म्हणा.

आता खरं सांगायचं तर भाच्याचं नुकसान झालं का? त्याला वाटते २७०० रुपये बुडाले. मी कागद-पेन घेऊन बसवलं त्याला. शुक्रवारी शेअर बंद झाला ६१२ ला, सोमवारी उघडला ५९५ च्या आसपास, यानं घेतला ५९६ ला. भाव का पडला, कारण १८ रुपये त्यातून निघून गेले होते, तिजोरीतून पैसे बाहेर जाणार आहेत हे मार्केटला माहीत असते. शुक्रवारवाल्याला २७०० मिळाले, त्यावर त्याच्या स्लॅबनं वीस टक्के टॅक्स म्हणजे सेस सोडून ५४० गेले, हातात २१६०, आणि तिकडे शेअरमागे १६ रुपये पडले म्हणजे कागदावर २४०० खाली. हिशेब केला तर शुक्रवारवालाच २४० नं मागे. म्हणजे भाच्यानं चुकून बरंच केलं! पण त्याला ते कळून केलं असतं तर गोष्ट वेगळी, तो तर डिव्हिडंडसाठी घेऊन बसला होता आणि महिनाभर बँकेचा मेसेज बघत होता.

हे 'डिव्हिडंड खाऊन बाहेर पडू' वालं डोकं आमच्या ग्रुपमध्येही दोघा-तिघांचं आहे. त्यांना एवढंच सांगतो की डिव्हिडंड आपल्याला टॅक्स-फ्री होता तेव्हाही रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेऊन नंतरच्या तीन महिन्यांत विकला आणि लॉस दाखवला तर डिव्हिडंडएवढा लॉस इन्कम टॅक्सवाले धरत नव्हते. आता तर डिव्हिडंडचा टॅक्सच १ एप्रिल २०२० पासून आपल्याला भरावा लागतो, आधी कंपनी भरून मोकळी व्हायची. टीडीएसची, म्हणजे कंपनी आधीच कापून घेते त्या टॅक्सची, मर्यादा ५००० होती ती एप्रिल २०२५ पासून १०,००० झाली, पण टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं नाही, हे माझ्या सख्ख्या मेहुण्याला अजून पटत नाही.

आता आपल्या हेडलाइनांबद्दल. मागे मोठ्या अक्षरात होतं, 'तब्बल १००० टक्के डिव्हिडंड'. आमच्या सौ.नं वाचलं आणि म्हणाली, घ्या ना मग, बँकेत सात टक्के मिळत नाहीत. आता तिला काय सांगू की हे टक्के फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या मूळ छापील किमतीवर असतात, त्या कंपनीची फेस व्हॅल्यू १ रुपया, म्हणजे शेअरमागे १० रुपये, आणि शेअरचा भाव ४००० च्या घरात, म्हणजे पाव टक्का. पाव! हजार टक्क्याचा पाव टक्का झाला. कंपन्या टक्क्यात सांगतात कारण आकडा मोठा दिसते, पण पेपरनं तसंच्या तसं छापायला पाहिजे का? शेअरमागे इतके रुपये, एवढंच छापा ना, टक्के हवे तर खाली बारीक अक्षरात द्या.

अन् 'डिव्हिडंड जाहीर' हा शब्द. मे महिन्यात, इकडे पारा ४५ वर, कूलरमध्ये पाणी टाकता टाकता माणूस वैतागतो, त्यात पेपरात रोज चार कंपन्यांचा 'डिव्हिडंड जाहीर'. आमच्या कॉलनीत कोळसा खाणीतून रिटायर झालेले बरेच आहेत, २०१० मध्ये कोल इंडियाचा आयपीओ आला, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विक्रीला निघाले, तेव्हा २४५ रुपयांवर पाच टक्के सूट मिळाली म्हणून घेतलेले शेअर त्यांच्याकडे अजून आहेत, मॉइल या मँगनीजच्या सरकारी कंपनीचे शेअरवालेही आहेत. ही मंडळी पेन्शनीला जोड म्हणून डिव्हिडंडकडे बघतात. त्यातल्या एकांनी मे महिन्यात एका कंपनीची बातमी वाचून जूनमध्ये घराला रंग काढला, पैसे आले सप्टेंबरात. कारण मे महिन्यात बोर्डानं फक्त शिफारस केली होती. वर्षाचा फायनल डिव्हिडंड एजीएममध्ये, म्हणजे कंपनीच्या वार्षिक सभेत, शेअरहोल्डरांनी पास केल्यावरच जाहीर होतो, आणि एजीएम घ्यायला मार्चनंतर सहा महिने म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत मुभा असते. शेअरहोल्डर तो कमी करू शकतात पण बोर्डानं सांगितल्यापेक्षा वाढवू शकत नाहीत, वाढवायची मुभा असती तर एजीएमला मंगल कार्यालय बुक करावं लागलं असतं. जाहीर झाल्यावर मात्र कायदा कडक आहे, पाच दिवसांत पैसे वेगळ्या बँक खात्यात टाकायचे, तीस दिवसांत शेअरहोल्डरला द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १८ टक्के व्याज, डायरेक्टरला शिक्षाही. इंटरिम, म्हणजे वर्षाच्या मधेच दिलेल्या, डिव्हिडंडचं तसं नाही, तो बोर्डच जाहीर करते, तिथून तीस दिवस मोजा. तर 'शिफारस' आणि 'जाहीर' हे दोन वेगळे शब्द आहेत ते वेगळे छापले तर कोणाचा रंगारी उधारीवर राहणार नाही.

बोनसचं थोडक्यात सांगतो. एकास एक बोनस असला की एक्स डेटला भाव निम्मा दिसतो, नवे शेअर अजून खात्यात आलेले नसतात, त्यामुळे ॲप उघडलं की अर्धे पैसे गेल्यासारखे दिसतात. शेजारच्या वहिनींनी तर रडायचंच बाकी ठेवलं होतं, मला सकाळी साडेनऊला बोलावणं. पूर्वी हे शेअर यायला आठवडा-पंधरवडा लागायचा, आता बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ट्रेडिंगला मोकळे होतात. दोन दिवस ॲप उघडू नका, एवढी एक ओळ चौकोनाखाली टाकली तरी पुष्कळ वहिनींचं बीपी वाचेल. वेगळ्या काढलेल्या कंपनीला मात्र जास्त दिवस लागतात, आयटीसी हॉटेल्सचा शेअर लिस्ट झाला २९ जानेवारीला.

मी स्वतः बँकेत होतो, काउंटरवर. नव्वदच्या दशकात पावसाळा सुरू झाला की डिव्हिडंड वॉरंटचे, म्हणजे चेकसारख्या कागदांचे, गठ्ठे यायचे, लोक पोस्टमनची वाट बघायचे, कोणी पावसात भिजलेलं वॉरंट इस्त्री करून आणायचं, कोणी मुदत संपल्यावर आणायचं, मग कंपनीला पत्र लिहा, नवीन मागवा. लोकांना एवढ्या सूचना देणारा मी, आणि आमच्याच घरात काय झालं तर वडिलांच्या नावानं एका कंपनीचे शेअर होते, पत्ता महालातल्या वाड्याचा. वाडा पडला, आम्ही इकडे प्रतापनगरला आलो, पत्ता बदलायचा राहून गेला. वॉरंट परत जात राहिले. सात वर्षं सलग डिव्हिडंड कोणी घेतला नाही की ते पैसे आणि त्यासोबत ते शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफमध्ये, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, जमा होतात. शेअरसुद्धा! मला वाटायचं फक्त पैसे जातात. आता फॉर्म आयईपीएफ-५ ऑनलाइन भरून, त्याची प्रिंट, इन्डेम्निटी बॉन्ड, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद असं सगळं कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे पाठवून बसलो आहे. चूक कंपनीची नाही, आमचीच. पण कंपन्या ट्रान्सफर करण्याआधी पेपरात जी नोटीस देतात ती टेंडरच्या जाहिरातींमध्ये इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा लावून, वरून भिंग धरलं तरी दिसत नाही. ती नोटीस आपल्याकडेही येत असेलच, तर बाजाराच्या पानावर निदान दोन ओळींची बातमी करा.

बाकी मागणं साधं आहे. चौकोन सोमवारऐवजी गुरुवारी छापा, म्हणजे पुढच्या सोमवारसाठी शुक्रवार हातात राहील. त्यात 'घेण्याचा शेवटचा दिवस' असा एक रकाना वाढवा, मुंबईच्या सुट्ट्या धरून. हेडलाइनमध्ये टक्क्यांऐवजी रुपये द्या. आणि बोर्डानं शिफारस केली की एजीएमनं पास केलं ते लिहा. पत्र लांबलं आहे, कापायचं असेल तर सौ.चा आणि मेहुण्याचा भाग आधी कापा, घरात शांतता राहील.

आपला,
एक जुना वाचक
प्रतापनगर, नागपूर

ता.क. मागच्या सोमवारच्या चौकोनात तिसऱ्या ओळीतल्या कंपनीची फेस व्हॅल्यू १० धरली आहे. तिचा शेअर स्प्लिट होऊन, म्हणजे एकाचे पाच होऊन, ती कधीची २ झाली, त्यामुळे छापलेला डिव्हिडंड खऱ्याच्या पाचपट आहे. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी तो वाचून शेअर घेतले आहेत, कृपया दुरुस्ती छापा.