शहापूरच्या मीटरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझं नाव तुम्हाला माहीत नाही. खानापूरहून आलेली, आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर सुरू करायचा म्हणून व्होल्ट-करंट मोजायचा मल्टिमीटर मागणारी मुलगी म्हटलं तर कदाचित आठवेन. गाडी गाठायच्या घाईत तुमचे धड आभारही मानता आले नाहीत.

तुमच्याकडे येण्याआधी बेळगावातली दोन-तीन दुकानं पालथी घातली होती. एका ठिकाणी प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं माझ्या धाकट्या भावाला मिळत होती. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, तो नुसता सोबत आलेला. दुसऱ्या ठिकाणी तो सगळीकडे दिसतो तसला पिवळा मीटर काउंटरवर टाकला, "पोरींना शिकायला एवढा रग्गड." कॅट रेटिंग, म्हणजे मीटर कुठल्या लाइनला लावणं सुरक्षित ते, विचारलं तर म्हणे, घ्यायचा असेल तर घ्या. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "कशावर लावणार हायस? सेलवरच्या सर्किटला, का घरच्या लाइनला?" मी म्हटलं, दोन्हीला, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टरही बघावा लागतो. मग तुम्ही तोच पिवळा मीटर आणि शेजारी एक मधल्या किमतीचा असे दोन ठेवलेत, आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिलात.

"तूच उघड की."

काका, मला आभार मानायचे आहेत ते याचे. न विकलेला नवा मीटर, अनोळखी मुलगी, मागे गिऱ्हाइकं उभी. कुणीतरी घाई केली तर तुम्ही "स्वल्प निल्री" म्हणून त्यांना थांबवलंत आणि माझा अडकलेला स्क्रू सुटेपर्यंत हात पुढे केला नाहीत. आजवर मला सगळ्यांनी हातातून वस्तू काढून घेऊनच शिकवलंय.

पिवळ्याच्या पोटात दहा अँपिअरच्या भोकापासून कॉमनपर्यंत, म्हणजे काळ्या पिनेच्या भोकापर्यंत, नुसती जाड उघडी तार होती. पुढच्या बाजूला बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' छापलेलं, ते तुम्ही माझ्याकडूनच वाचून घेतलंत. लाल पिन त्या भोकात राहिली आणि प्रोब २३० व्होल्टला लागले तर सरळ शॉर्ट, मध्ये तोडणारं काही नाही; डायल व्होल्टवर असला तरी. दुसऱ्यात दोन्ही करंटच्या वाटांवर सिरॅमिकचे एचआरसी, म्हणजे मोठा करंटही सुरक्षितपणे तोडणारे, फ्यूज होते. आत वाळू असते, ती ठिणगी विझवते, हे तुम्ही सांगितलंत. काचेचा छोटा फ्यूज अशा वेळी फुटूही शकतो.

बाकीचं तुम्ही झटपट उरकलंत. प्लगवर चालणाऱ्या वस्तूंना कॅट-२ चालतो, मेन बोर्ड उघडायचा तर कॅट-३ हवा, आणि प्रोबवरही तोच शिक्का बघायचा. ट्रान्झिस्टरला ट्रू आरएमएसची, म्हणजे वेव्ह कुठल्याही आकाराची असली तरी बरोबर मोजणाऱ्या मीटरची, गरज नाही. पण आमच्या इन्व्हर्टरची वेव्ह चौकोनी, तिथे साधा मीटर चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून मधलाच घे म्हणालात. कपाटातल्या त्याहून महागड्याकडे मी बघत होते, तर "त्येचं तुला काय काम न्हाई" म्हणून विषयच संपवलात. धंद्यावर बसून असं बोलणारी माणसं आपल्या सीमाभागात अजून आहेत. मराठी बोला, कन्नड बोला, समोरच्याला शहाणं धरून बोलतात. दुकानाच्या काचा कितीही चकचकीत असल्या तरी हे विकत आणता येत नाही.

ट्रान्झिस्टर लागला, काका. स्पीकरची एक तार आतून तुटली होती, तार सलग असली की वाजणारा मीटरचा कंटिन्युइटीचा बझर वाजेना तेव्हा सापडली. आजोबांनी आवाज पूर्ण वर करून ठेवलाय, शेजारच्या आक्का बघायला आल्या. आता त्यांचा मिक्सर माझ्या टेबलावर आहे.

पुढच्या बाजाराला बेळगावात येईन. त्या मीटरला बसणारे जादा एचआरसी फ्यूज तेवढे बाजूला काढून ठेवा, आणि या वेळी पैसे पूर्ण घ्या.

तुमची,
खानापूरची मुलगी