गर्दच्या व्यसनावरचा उपचार तुरुंगाच्या दारात तोडू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमली पदार्थविरोधी कारवाया, जप्त मालाची किंमत आणि अटक झालेल्यांची संख्या यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वरचेवर येतात. अटक झालेल्यांपैकी जे स्वतःच गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, आहारी गेलेले असतात, त्यांचे कोठडीत पुढे काय होते, याविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. मी एका सरकारी रुग्णालयातील ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्द आणि इतर अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रात, नऊ वर्षे परिचारिका होते. तेथे जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

या केंद्रातले काम दिसायला अगदी साधे असते. बुप्रेनॉर्फिनची गोळी चुरडून रुग्णाच्या जिभेखाली ठेवायची, ती विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून ठेवायचे आणि मग जीभ उचलायला लावून तोंड तपासायचे. एवढ्यावर त्याची टर्की थांबते, म्हणजे हाडे फुटल्यासारखे दुखणे, नाकाडोळ्यांतून पाणी वाहणे, जुलाब आणि रात्रभराची तगमग थांबते, आणि तो कामावर जाऊ शकतो. आमच्याकडे असाच एक तरुण दोन वर्षे रोज सकाळी येत असे आणि येथून थेट वडापावच्या गाडीवर कामाला जात असे. एका जुन्या चोरीच्या प्रकरणात त्याच्यावर वॉरंट निघाले आणि त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली. तिसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडून डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्याचे ओएसटीचे कार्ड घेऊन मुलाकातीला गेली. बाहेरची गोळी आत चालत नाही, असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. बाहेरचे औषध आत न घेण्याचा नियम मला मान्य आहे, परंतु तेच औषध आतून देण्याची सोय तेथे नव्हती आणि ती चिठ्ठी वाचण्याचेही कोणाला आवश्यक वाटले नाही. पाच महिन्यांनी, एका शुक्रवारी रात्री, तो जामिनावर सुटला. उद्या सकाळी केंद्रात जातो, असे आईला सांगून तो झोपला. पहाटे उठून बाहेर पडला आणि केंद्र उघडण्याआधीच स्टेशनजवळच्या शौचालयात मृतावस्थेत सापडला.

हा योगायोग नव्हता. काही महिने गर्द न मिळाल्याने शरीराची ती सोसण्याची ताकद ओसरते, तलफ मात्र ओसरत नाही. सुटलेला माणूस पूर्वीच्याच मापाची पुडी घेतो, ती त्याला झेपत नाही आणि श्वास बंद पडतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत बारा पटींहून अधिक होता, तर अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका 129 पट होता. म्हणजे ज्याला आपण ‘आत जाऊन सुटला एकदाचा’ असे म्हणतो, तो सर्वांत मोठ्या धोक्यात असतो तो नेमका बाहेर पडतानाच. तुरुंगात पहिले आठ दिवस वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या देऊन टर्की निभावून नेणे म्हणजे उपचार नव्हे, हे यासाठी सांगावे लागते. उलट इंग्लंडमधील तुरुंगांच्या अभ्यासात, सुटकेच्या वेळी पर्यायी औषध सुरू असलेल्या कैद्यांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू ते न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे 75 टक्क्यांनी कमी आढळले.

हे परदेशातच शक्य आहे, असेही नाही. दिल्लीच्या तिहार तुरुंगात 2008 मध्ये बुप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले. पंजाबमध्ये 2018 पासून अशा औषधांसाठी बाह्यरुग्ण केंद्रांचे जाळे उभे राहिले आणि ते तुरुंगांपर्यंत पोहोचले. आपल्याकडे प्रश्न लहान आहे, असे समजण्याचेही कारण नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 77 लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. ब्राउन शुगरच्या लाटेने हादरलेल्या याच राज्यात 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. व्यसन हा आजार आहे, हे आपल्याला नव्याने शिकवावे लागू नये.

कायदाही आडवा येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारात केला आहे आणि प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे, असे त्याच्या कलम 103 मध्ये म्हटले आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 39 नुसार, व्यसनी व्यक्ती सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातील पदार्थासाठी दोषी ठरल्यास तिला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मात्र हा दिलासा दोषी ठरल्यानंतरचा आहे, आणि आपल्या तुरुंगांतील चारपैकी सुमारे तीन माणसे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत. माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. शिक्षा भोगणाऱ्याची सुटकेची तारीख ठरलेली असते, त्यामुळे तयारी करता येते. कच्चा कैदी मात्र सकाळी तारखेला जातो आणि जामिनाचे कागद पोहोचले, की त्याच संध्याकाळी दाराबाहेर उभा असतो. त्याच्या सुटकेची तयारी तो आत आला त्याच दिवशी केली, तरच ती उपयोगी पडेल.

‘एका नशेऐवजी सरकारी नशा’ हा आक्षेप मी केंद्रात असंख्य वेळा ऐकला आहे, कधी कधी डॉक्टरांकडूनही. योग्य मात्रेत बुप्रेनॉर्फिन घेणारा माणूस झिंगत नाही. तो हिशेब करतो, मुलांना शाळेत सोडतो, रात्री झोपतो. मधुमेहाच्या कैद्याचे इन्शुलिन बंद करून त्याच्या मनोनिग्रहाची परीक्षा आपण घेत नाही. गोळी जिभेखाली लपवून बराकीत विकली जाईल, ही तुरुंग प्रशासनाची भीती अधिक खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु चुरडलेली गोळी परिचारिकेच्या डोळ्यांसमोर विरघळू देण्याची पद्धत त्यासाठीच आहे. त्याला लागतो तो वेळ आणि एक जागरूक माणूस.

राज्याच्या गृह आणि आरोग्य या दोन्ही खात्यांना माझी विनंती आहे, की कोठडीत दाखल होताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीतच प्रत्येकाला गर्दविषयी विचारावे, ज्याचे ओएसटी सुरू आहे त्याच्या केंद्राला त्याच दिवशी फोन करून गोळी खंड न पडता चालू ठेवावी आणि प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात नवे उपचार सुरू करण्याचीही सोय असावी. सुटताना कैद्याला त्याचे पैसे, मोबाइल, पट्टा परत देऊन सही घेतली जाते. त्याच पाकिटात त्याची शेवटची मात्रा, जवळच्या केंद्राचा पत्ता आणि उद्या सकाळची वेळ लिहिलेली चिठ्ठी पहिल्या दिवसापासून तयार ठेवावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ठाणे