खुलताबादचा रिकामा घुमट

पॅरिस,
१२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की खुलताबादच्या माळावर तो तुर्की घाटणीचा घुमट आहे तो नक्की कुणाचा, आणि आत कबर का नाही. "सविस्तर लिहिते" म्हणून मी विषय थांबवला, कारण हे चालता बोलता सांगण्यासारखं नाही. ज्या माणसासाठी निजामानं तो मकबरा बांधवून घेतला, त्याचं शव जवळजवळ दहा वर्षं इथे पॅरिसच्या मोठ्या मशिदीत ठेवलेलं होतं. ती मशीद माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. श्रावणात भद्रा मारुतीला पायी जाताना आपण ज्या वाटेनं जातो, त्या भागातल्या एका वास्तूचा धागा थेट माझ्या इथल्या गल्लीपर्यंत पोचतो हे कळलं तेव्हापासून मी या कुटुंबाबद्दल मिळेल ते वाचते आहे. म्हणून पत्र लांबणार आहे. चष्मा लावून सावकाश वाचा.

त्यांचं नाव अब्दुलमजीद. उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की घराण्यातले शहजादे, जन्म १८६८, इस्तंबूलचा. वडील सुलतान अब्दुलअझीझ. मुलगा आठ वर्षांचा असताना वडिलांना गादीवरून उतरवलं आणि चारपाच दिवसांतच ते मृत्यू पावले. पुढची कित्येक वर्षं चुलतभाऊ गादीवर आणि हा मुलगा नजरेखाली, हवेलीच्या आवारातच. त्या काळात ते भाषा शिकले, व्हायोलिन शिकले आणि चित्रं काढू लागले. नुसती हौस म्हणून नव्हे हं. चांगले तयारीचे चित्रकार होते ते. उस्मानी चित्रकारांच्या संस्थेला त्यांचा आश्रय होता.

उन्हाळ्यात आम्ही इस्तंबूलला गेलो होतो. तिथे त्यांच्या एका चित्रापुढे मी बराच वेळ उभी होते. १९१५ च्या सुमाराचं चित्र आहे. जनानखान्यातली बैठक, एक स्त्री पियानोवर बसलेली, दुसरी व्हायोलिन वाजवते आहे, ती त्यांची पत्नी शहसुवार. एका बाजूला बेथोवनचा अर्धपुतळा. लष्करी पोशाखातले अब्दुलमजीद स्वतः बसून ऐकताहेत. सगळ्यांचे चेहरे संगीतात बुडालेले आहेत. जनानखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं काहीही तिथे नाही. एका घरातली संध्याकाळची मैफल आहे ती. चित्र काढलं तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं, साम्राज्य कोसळायच्या बेतात होतं, आणि नऊ वर्षांनी ते घरच उठणार होतं.

पुढचा भाग तुम्हाला शिकवताना आला असेलच. १ नोव्हेंबर १९२२ ला अंकाऱ्याच्या संसदेनं सुलतानपद रद्द केलं. शेवटचे सुलतान वहिदुद्दीन ब्रिटिश युद्धनौकेतून निघून गेले. मग संसदेनं अब्दुलमजीदना खलिफा निवडलं, म्हणजे राज्य नसलेलं, फक्त धर्माचं पद. सोळा महिनेही टिकलं नाही. आपल्याकडच्या खिलाफत चळवळीचा त्यात नकळत हातभार लागला याचं मला फार वाईट वाटतं. १९२३ च्या अखेरीस आगा खान आणि अमीर अली या हिंदी मुस्लिम पुढाऱ्यांनी खलिफाचा मान राखावा म्हणून तुर्की पंतप्रधानांना पत्र लिहिलं. ते तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आलं, परदेशी लोक आमच्या कारभारात ढवळाढवळ करतात असा गदारोळ झाला, आणि ३ मार्च १९२४ ला खिलाफतच रद्द झाली. त्याच कायद्यानं घराण्यातल्या सगळ्यांना देशाबाहेर काढलं. बायका, लेकी, जावई, नातवंडं, सुमारे दीडशे माणसं.

खलिफा राहायचे त्या 'दोल्माबाहचे' नावाच्या राजवाड्याला त्या रात्री पोलिसांचा वेढा होता, टेलिफोन तोडलेले होते. पहाट व्हायच्या आत कुटुंबाला मोटारीत बसवलं. शहरातल्या मुख्य स्टेशनवर गर्दी जमेल म्हणून त्यांना चाताल्जा नावाच्या बाहेरच्या लहान स्टेशनवर नेलं. तिथे दिवसभर गाडीची वाट पाहत बसावं लागलं. स्टेशनमास्तर ज्यू होता. त्यानं आपल्या बिऱ्हाडात त्यांना बसवलं, चहा केला. खलिफांनी आभार मानले तेव्हा तो म्हणाला, की स्पेनमधून आमच्या पूर्वजांना हाकललं तेव्हा तुमच्याच घराण्यानं आसरा दिला होता, आभार कसले मानता. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते म्हणतात. नाना, मला या सबंध हकिकतीत तो चहा सगळ्यात जास्त आठवतो. ज्यांच्याकडे दरबार भरायचा त्यांना निरोप द्यायला अखेर एक रेल्वेचा नोकर होता, आणि त्यानं तो काय मानानं दिला!

गाडीत खलिफांबरोबर दहा वर्षांची लेक होती, दुर्रूशेहवार. मुलगा ओमर फारूकही होता. फारूकची बायको सबीहा, वहिदुद्दीनची मुलगी, आपल्या दोन लहान मुलींना घेऊन काही दिवसांनी निघाली. त्यातली थोरली, नेसलीशाह, जेमतेम तीन वर्षांची. खिलाफत रद्द करण्यामागचं राजकारण मला समजतं. नव्या प्रजासत्ताकाला दोन सत्ताकेंद्रं नको होती, हेही पटतं. पण तीन वर्षांच्या पोरीनं कुणाचं काय बिघडवलं होतं? जन्मावरून राज्य देणं जितकं चूक, तितकंच जन्मावरून शिक्षा देणं चूक आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. बायकांना परत जायची परवानगी १९५२ मध्ये मिळाली. पुरुषांना १९७४ मध्ये. पन्नास वर्षं!

पहिला मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये, मग त्याच वर्षी ते दक्षिण फ्रान्समधल्या नीसला आले. पैसे थोडे आणि घराबाहेर काढलेले आप्त पुष्कळ. तेव्हा निजाम उस्मान अली खान यांनी दरमहा ३०० पौंड सुरू केले. तुम्ही इथे नाक मुरडणार हे मला माहीत आहे. अप्पांनी त्याच निजामाच्या तुरुंगात दिवस काढले, आणि त्या तिजोरीत आपल्या कोरडवाहू रानाचा सारासुद्धा होता. तुमचं म्हणणं बरोबरच आहे. ज्याच्या राज्यात लोकांना बोलायची मुभा नव्हती त्याच्या पैशानं एका परागंदा कुटुंबाची चूल पेटत राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

नीसलाच १९३१ च्या नोव्हेंबरात दुर्रूशेहवारचं लग्न निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी झालं. ती १७ वर्षांची होती. तिच्याच नात्यातली निलोफर धाकट्या चिरंजिवांना, मुअझ्झम जाह यांना दिली, ती तर १५ वर्षांची. सोयरीक जुळवण्यात खिलाफत चळवळीतले पुढारी मौलाना शौकत अली यांचा हात होता. डिसेंबरात व्हेनिसहून 'पिल्सना' बोटीनं वऱ्हाड निघालं, आणि त्याच बोटीवर गोलमेज परिषदेवरून परतणारे गांधीजी होते.

हे आजीला मुद्दाम वाचून दाखवा, कारण पुढची गोष्ट तिच्या माहेरची आहे. १९३६ मध्ये इंग्रजांनी आझम जाहना 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब दिला. कारभार इंग्रजांच्या हातात आणि नावाची मालकी निजामाची, असं ते वऱ्हाडचं त्रांगडं होतं ना, त्यावरचा तो तोडगा. त्यामुळे बॉस्फरसच्या काठी जन्मलेली, नीसमध्ये वाढलेली ही मुलगी कागदोपत्री वऱ्हाडची राजकन्या झाली! अकोल्याचं नाव तिनं कधी ऐकलं होतं की नाही देव जाणे.

पण हैदराबादेत ती नुसती मिरवली नाही. उर्दू शिकली, साडी नेसू लागली, पडद्यात बसली नाही, मुलींच्या शिक्षणासाठी आणि दवाखान्यांसाठी झटली. जुन्या शहरातलं मुलांचं इस्पितळ आजही तिच्या नावानं चालतं. निलोफरला मूल झालं नाही. तिची एक दासी बाळंतपणात गेली, तेव्हा बायामुलांसाठी धड इस्पितळ पाहिजे असा तिनं हट्ट धरला, त्यातून निलोफर हॉस्पिटल उभं राहिलं. नांदेड-परभणीकडची कितीतरी माणसं आजारी लेकरू घेऊन तिथे गेली असतील, हे नाव कुणाचं ते न कळता. निलोफरचा पुढे घटस्फोट झाला, ती पॅरिसला परत आली, १९८९ मध्ये वारली. शहराबाहेरच्या बोबिनीच्या मुस्लिम दफनभूमीत तिला पुरलं आहे. घराण्यातली आणखीही माणसं तिथे आहेत.

सगळ्यांच्या नशिबी निजाम नव्हता. वहिदुद्दीन १९२६ मध्ये इटलीत सान रेमोला वारले तेव्हा देणेकऱ्यांनी शवपेटी अडवून धरली. दमास्कसला नेऊन पुरेपर्यंत बरेच दिवस गेले. ओरहान नावाचा शहजादा पंधराव्या वर्षी बाहेर पडला, त्यानं पुढे पोटासाठी टॅक्सी चालवली. व्हिएन्नात शाळेत असलेला एर्तुगरूल उस्मान न्यूयॉर्कला राहिला, १९९२ मध्ये परत जाता आलं तेव्हा ज्या राजवाड्यात लहानपणी खेळला होता तो त्यानं इतर पर्यटकांच्या घोळक्यात फिरून पाहिला. ती लहानगी नेसलीशाह मोठी झाल्यावर इजिप्तच्या राजघराण्यात गेली, आणि तिथेही राजेशाही संपली तेव्हा दुसऱ्यांदा देशोधडीला लागली. पुढे ती इस्तंबूलला परतली आणि २०१२ मध्ये तिथेच गेली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. अब्दुलमजीद नीसहून पॅरिसला आले आणि २३ ऑगस्ट १९४४ ला इथे वारले. शहर जर्मनांच्या हातून सुटायला दोनच दिवस उरले होते, रस्त्यात गोळ्या चालल्या होत्या. त्यांची इच्छा इस्तंबूलच्या मातीत जायची. निजामानं खुलताबादला, जिथे त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष पहिला आसफजाह आहे तिथे, त्यांच्यासाठी जागा तयार केली होती. पण लेकीला वडिलांची इच्छा पुरी करायची होती. शव मशिदीत ठेवून ती तुर्कस्तानात गेली, राष्ट्राध्यक्ष इनोनूंपर्यंत पोचली. नकार आला. सरकार बदललं, तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नकार. मधल्या काळात १९४८ ची पोलीस ॲक्शन झाली, हैदराबादचं राज्यच उरलं नाही. अखेर १९५४ च्या मार्चमध्ये सौदी राजाच्या परवानगीनं मदिनेत दफन झालं. खुलताबादचा घुमट राहिला तसाच रिकामा.

त्या मशिदीच्या अंगणात अंजिराच्या झाडांखाली पुदिन्याचा चहा मिळतो, छोट्या काचेच्या पेल्यात, गोडमिट्ट. चिमण्या टेबलावर उतरून केकचा चुरा पळवतात. माझी मैत्रीण आणि मी रविवारी कधी कधी जातो. वर ३३ मीटरचा मनोरा. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ ही मशीद १९२६ मध्ये खुली झाली. आता तिथे बसलं की मला दुर्रूशेहवार आठवते. तिशी नुकतीच ओलांडलेली बाई, घरी दोन मुलगे, आणि वडिलांसाठी मूठभर माती मागत मंत्र्यांचे दरवाजे झिजवते आहे. तो राग तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. २००६ मध्ये ती लंडनला वारली. ज्या देशानं वडिलांना जागा दिली नाही तिथे मलाही नेऊ नका असं तिचं सांगणं होतं, म्हणून तिला इंग्लंडमध्येच पुरलं. मला ती फार आवडते, नाना. तिचा मोठा मुलगा मुकर्रम जाह मात्र २०२३ मध्ये इस्तंबूललाच वारला आणि त्याला हैदराबादेत आणून मक्का मशिदीत दफन केलं.

एक काम आहे. दिवाळीनंतर हवा निवळली की बाबांना घेऊन त्या घुमटाकडे एकदा जाऊन या. जिना चढू नका, बाहेरूनच बघा. बाबांना म्हणावं, फोटो आतले आणि बाहेरचे दोन्ही काढा, आणि भिंतींची अवस्था कशी आहे ते मला नीट कळवा. गुरंढोरं आत शिरत असतील तर तेही सांगा. मी इथून पुरातत्त्व खात्याला पत्र लिहायचं म्हणते आहे, मजकूर तुम्ही तपासून द्या. आणि तुमच्या ट्रंकेत हाली सिक्क्याची, म्हणजे निजामाच्या चलनातली, दोनचार नाणी आहेत ना, त्यांचाही एक फोटो हवा आहे. माझ्या मैत्रिणीला दाखवायचा आहे, ती इस्तंबूलची आहे आणि निजामाचं नाव तिनं माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

इकडे थंडी सुरू झाली. माझी तब्येत ठीक आहे. आजीच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा, ताईबरोबर पाठवते. आजीला नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुमची,
मीनू