हँगरमधल्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण वैमानिक होण्याच्या प्रशिक्षणाबद्दल तुम्ही फोनवर ज्यांना ज्यांना वेळ दिलात ते आम्ही पालक आणि प्रशिक्षणार्थी गावोगाव विखुरलेले आहोत. शिवाय तुम्ही जे सांगितलंत ते पुढच्या वर्षी फी भरणाऱ्यांच्याही कानावर जायला हवं.

कमर्शियल पायलट लायसन्सला पैसे किती लागतात, हे सगळेच विचारतात. उत्तर ठरलेलं: 200 तासांचं प्रशिक्षण आपल्याकडे ढोबळमानाने 45 ते 60 लाख, वर एअरबस 320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायची परवानगी, 12 ते 20 लाख. तुम्ही या आकड्याला हातच लावला नाहीत. तुमचा प्रश्न एकच होता. शाळेकडे विमानं किती आहेत, त्यातली आज उडण्याजोगी किती, आणि एका विमानामागे पोरं किती? जन्मभर विमानांची देखभाल केलेल्या माणसालाच हे सुचावं.

मग तुम्ही गणित मांडलंत. एका विमानामागे दहा पोरं म्हणजे 2000 तास. शिकाऊ विमान महिन्याला 60 तास उडालं तरी नशीब, म्हणजे 33 महिने. पाचच पोरं असतील तर साधारण 17. माहितीपत्रकात छापलेलं ‘18 महिन्यांत लायसन्स’ कोणत्या शाळेत खरं होऊ शकतं आणि कुठे नाही, हे दोन ओळींत कळलं. त्यातही दर 100 तासांनी तपासणी, म्हणजे या वेगाने दर सात आठवड्यांनी विमान चार-पाच दिवस हँगरमध्ये, म्हणजे देखभालीच्या शेडमध्ये. तेव्हा मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) किंवा सिलिंडर खराब निघाला आणि सुटा भाग बाहेरच्या देशातून यायचा असला, तर दिवसांचे आठवडे होतात. त्यामुळे शाळा बघायला गेल्यावर रिसेप्शनच्या सोफ्यावर न बसता ऑपरेशन्सच्या खोलीतला फळा वाचा, असं तुम्ही बजावलंत. कुठल्या व्हीटी नंबरपुढे (म्हणजे विमानाच्या नोंदणी क्रमांकापुढे) ‘स्नॅग’, म्हणजे बिघाड, लिहिलंय, किती दिवसांपासून, आणि हँगरच्या कोपऱ्यातल्या कुठल्या विमानाला इंजिनच नाही. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, ऑक्टोबर 2025 पासून शाळांची क्रमवारी लावायला घेतली, ते बरंच झालं. पण फळा रोज बदलतो.

उशीर झाला तर हॉस्टेलचं भाडं वाढतं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. खरा फटका नियमात आहे. लायसन्ससाठी 100 तास स्वतः कॅप्टन म्हणून हवेत, आणि त्यातले 15 अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. रात्रीच्या 5 तासांचं आणि त्यातल्या 10 टेकऑफ-लँडिंगचंही तसंच. विमान बंद पडलं, पावसाळा लागला, परीक्षक मिळाला नाही, की आधी उडालेले तास शिळे होतात आणि पुन्हा उडावे लागतात. तासाला 15 हजार धरले तर 15 तासांचे सव्वादोन लाख, आणि ते फीच्या पत्रकात कुठेही नसतात. म्हणून रात्रीचं उड्डाण शेवटाकडे ठेवा, पण पावसाच्या तोंडावर नको. आणि नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, रेग्युलेशन्स हे पेपर उड्डाणं भरात येण्याआधी काढून टाका. प्रत्येक पेपरला 70 टक्के लागतात, आणि एक पेपर राहिला तरी तास शिळे व्हायचे थांबत नाहीत.

कर्जाबद्दल तुम्ही ‘मी बँकवाला नाही’ म्हणालात, आणि तरी सगळ्यात कामाचं वाक्य तुमचंच निघालं: पैसे विमानाच्या मागून जाऊ द्या, पुढून नको. एकरकमी फी भरली आणि शाळा बंद पडली तर हातात फक्त पावती. टप्प्याने भरायची, प्रत्येक टप्पा उडालेल्या तासांशी बांधायचा, न उडालेल्या तासांचा परतावा करारात लिहून घ्यायचा. बँकेकडूनही कर्ज तसंच टप्प्याटप्प्याने उचललं तर सुरुवातीचं व्याज कमी बसतं. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, म्हणजे बहुतेक घरांत फ्लॅट किंवा शेत. 40 लाख, 11 टक्के, 15 वर्षं: हप्ता साडेपंचेचाळीस हजारांच्या आसपास. तो सुरू व्हायला नोकरी लागलेली असावी अशी अट नसते. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, मार्च 2020 मध्ये कोरोनाने प्रवासी विमानं उतरवली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि 200 तासवाले रांगेत मागे गेले.

वैद्यकीय तपासणीचं थोडक्यात: आधी क्लास टू आणि मग त्याहून कडक क्लास वन, आणि क्लास वनचा कागद हातात येईपर्यंत शाळेला मोठी रक्कम नाही. रंग ओळखण्यातला दोष 50 लाख भरल्यावर कळण्यात काय अर्थ! परदेशी शिकून येणाऱ्यांसाठीही एकच ओळ. 300 सागरी मैलांचं क्रॉस कंट्री उड्डाण दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेलं असावं लागतं आणि लॉगबुकात तसं स्पष्ट दिसावं लागतं. नाहीतर इथे लायसन्स बदलून घेताना ते पुन्हा उडावं लागतं.

आता इंधन तपासायच्या कपाबद्दल. उड्डाणाआधी टाक्यांच्या तळातून पारदर्शक कपात इंधन काढून बघायचं, हे पुस्तकात असतंच. तुम्ही त्याचं कारण सांगितलंत. दमट रात्री अर्धी रिकामी टाकी उघड्यावर राहिली की आतल्या हवेतलं बाष्प थंड पत्र्यावर जमतं आणि पाणी होऊन तळाशी जातं, कारण ते इंधनापेक्षा जड. कपाच्या बुडाशी काचेच्या मण्यासारखा थेंब हलताना दिसतो. आणि फसवणारा प्रकार असा की कपभर नुसतं पाणीच आलं तर मणी दिसतच नाही, सगळं स्वच्छ. म्हणून कप पांढऱ्या पंखासमोर धरून विमानाच्या पेट्रोलचा निळसर रंग बघायचा, वास घ्यायचा. नव्या सेस्ना 172 या शिकाऊ विमानावर इंधन काढून बघायच्या अशा तेरा जागा आहेत. घाईत असलेलं पोरगं दोन बघून उठतं.

विमान नादुरुस्त करणाऱ्या गोष्टी आणि माणसाला इजा करणाऱ्या गोष्टी बऱ्याच वेळा एकच असतात, हे तुमच्याशी बोलताना लक्षात आलं. उसळलेलं लँडिंग दाबून खाली बसवायला गेलं की पुढचं चाक आदळतं, प्रोपेलर धावपट्टीला लागतो, आणि वरून पातं सरळ दिसलं तरी इंजिन उघडून तपासावं लागतं. विमान काही महिने गेलं, त्यामागची पाच-दहा पोरंही थांबली. उसळलं की पॉवर लावून गो-अराउंड करायचा, म्हणजे पुन्हा वर जाऊन फेरी मारून उतरायचं. त्याचे दहा मिनिटांचे पैसे जातात तेवढेच. (नुकसानीतला विमा कंपनी न देणारा भाग कोण भरणार, हे करारात बघा, हेही तुमचंच.) मे महिन्यात दुपारी उडायचं नाही, यामागेही आकडा आहे: हजार फूट उंचीवरची गोंदियासारखी धावपट्टी 43 अंशांत, हवा विरळ झाल्याने, विमानाला साडेचार हजार फुटांवरची वाटते. धाव लांबते, चढण मंदावते. आणि कार्बोरेटरचं बर्फ हे थंड देशाचं दुखणं नाही. 20 अंशांच्या दमट सकाळी, उतरताना पॉवर कमी केली की ते धरतं, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूच घसरतो. म्हणून आधी कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा खटका, पूर्ण ओढायची, मग थ्रॉटल मागे.

यातल्या कशाचेही तुम्ही पैसे घेतले नाहीत, कुठल्या शाळेचं नाव पुढे केलं नाहीत, आणि दोघा-तिघांना ‘सध्या थांबा’ असं स्पष्ट सांगितलंत. त्यांचे पालक तेव्हा नाराज झाले होते. तेही या पत्राखाली आहेत. मनापासून आभार, काका.

एक विचारायचं राहिलं. काही शाळांत आता रोटॅक्स इंजिनाची हलकी विमानं आली आहेत. त्या इंजिनाला पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणतात, आणि आपल्या पंपावरचं पेट्रोल 20 टक्क्यांचं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, मग कपात मणी दिसणार कसा? विमानात नेमकं काय भरतात, हे शाळेला कुठल्या कागदावर दाखवायला सांगायचं? सवडीने फोन करा, आम्ही वही घेऊन बसतो.

आपले,
काही पालक आणि त्यांची उडणारी पोरं