कमाटीबागेतल्या माळीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. त्यामुळे हे पत्र मी रविवारी तुमच्यासमोर बसून वाचणार आहे. दुसऱ्याच ओळीला तुम्ही "अरे बेन, एमां शुं?", त्यात काय एवढं, म्हणत उठून जाल हेही ठाऊक आहे, म्हणून ते आधी इथे सगळ्यांसमोर ठेवते. तुम्ही माझ्या आईसाठी जे केलंत ते बडोद्यातल्या चार माणसांना कळायलाच हवं.

आईने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पावसाळा सरला की मुलांची रांग घेऊन ती कमाटीबागेत यायची. कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण आमच्या घरात ते कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. मग तिला काचबिंदू झाला. डोळ्यातला दाब वाढत जातो, मागची नस हळूहळू मरते आणि गेलेली नजर परत येत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं. हातातलं पान तिला शिरान् शिर दिसायचं आणि दोन पावलांवरचा बाक दिसायचा नाही. पुढे पानही गेलं.

त्या दिवसांत ज्या माणसांशी गाठ पडली त्यांच्याबद्दल आजही मन निवळलेलं नाही. एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आईला तपासत होते आणि बोलत होते माझ्याशी. "यांना सांगा, आता सुधारणा होणार नाही. यांना एकटं सोडू नका." आई समोरच्याच खुर्चीत होती, तिचे कान शाबूत होते. काउंटरवरच्या मुलाने तर "पेशंटला तिकडे ठेवा" म्हटलं. ठेवा! नातेवाइकांनी वेगळं काही केलं नाही. "आता बागेत नेऊन करायचं काय, दिसत तर काही नाही," असं एका जवळच्या माणसाने आईच्या देखत विचारलं. त्यानंतर आईने बागेचं नाव काढणं सोडलं. मीच तिला हट्टाने घेऊन आले, तेव्हा फाल्गुन होता.

काटेसावर फुलली होती. एक पान नाही झाडावर, नुसती लाल फुलं, आणि वर साळुंक्यांचा गोंगाट. मधूनच एखादं जड फूल धप्पकन् खाली पडायचं. आई थबकली. "सावर ना गं?" म्हणाली आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे करून चालू लागली. झाड तरुण होतं. सावर म्हातारी झाली की बुंध्यावरचे काटे झिजतात, पण या झाडाचे सगळे शाबूत होते, बुडाशी जाड आणि टोकाला अणकुचीदार. "काटे आहेत" हे शब्द माझ्या तोंडून निघेपर्यंत तुम्ही खुरपं टाकून आला होतात.

तुम्ही आईचा हात धरला नाहीत. तिला मागे ओढलं नाहीत. स्वतःचा पंजा त्या काट्यांवर टेकवलात आणि म्हणालात, "बेन, मारा हाथ उपर हाथ मूको." तिने तुमच्या हातावर हात ठेवला. मग तुम्ही तुमचा हात अगदी सावकाश खालून काढून घेतलात, एकेक बोट करून, आणि तिचा तळवा काट्यांवर अलगद उतरला. तिला काही टोचलं नाही. तिने एक काटा चिमटीत धरला, त्याचं बूड चाचपलं, टोकावर बोट ठेवलं. तुम्ही दोन पावलं मागे सरून उभे राहिलात, आणि तिचं होईपर्यंत एक शब्दही बोलला नाहीत.

काका, मी पुष्कळदा त्या क्षणाचा विचार करते. तुमच्या मनगटावर ओरखडा उठला होता, तो तुम्ही पंच्याने पुसलात. आई शिक्षिका आहे हे तुम्हाला ठाऊकही नव्हतं. गुजरातेत शिक्षिकेला बेन म्हणतात आणि परक्या बाईलाही, पण तुमच्या तोंडून ते ऐकल्यावर आईचा खांदा सरळ झालेला मी पाहिला. "या झाडाला पाच पाकळ्यांची फुलं, आणि बोंडातून कापूस," ती सांगायला लागली, आणि तुम्ही, ज्यांनी त्या झाडाला पाणी घालून वाढवलं, मान डोलावून ऐकत होतात.

मग ते वर्षभर चाललं. चैत्रात वावळाच्या चपट्या, पंखवाल्या फळांचा खच पडला होता. त्यातली ओंजळभर तुम्ही तिच्या हातात दिलीत, आणि कागदी पंखाच्या मधोमध बसलेलं बी तिने बोटाने शोधून काढलं. पिंपळाची कोवळी पानं तुम्ही तोडू दिली नाहीत, फांदीच खाली वाकवून धरलीत. कडुलिंबाला मोहोर आला तेव्हा वास कुठून येतो ते तिने तुमच्याआधी सांगितलं, आणि तुम्ही मोठ्याने हसलात. वैशाखात बहाव्याखाली गेलो तर तुम्ही पिवळ्या घोसांचं वर्णन करत बसला नाहीत. गेल्या वर्षीची वाळकी काळी शेंग दिलीत, हलवली की आत बिया खुळखुळत. ती शेंग आमच्या देवघराशेजारच्या फडताळात आहे. रायण, म्हणजे खिरणीची फळं, आणलीत ती बागेतली नव्हे, हातगाडीवरून स्वतःच्या पैशाने घेतलेली. तिचा चीक ओठांना चिकटला आणि आईला आजोळ आठवलं.

ऑक्टोबरात सप्तपर्णीचा घमघमाट सुटला. पुष्कळांना तो सहन होत नाही, मलाही होत नाही. आई मात्र झाडाखाली संध्याकाळ होईपर्यंत बसायची, आणि तुमची ड्यूटी संपली तरी तुम्ही निघायचा नाहीत.

या सगळ्याच्या मध्ये पूर येऊन गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने शहरात शिरून जे केलं ते बडोदेकरांना सांगायला नको. मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. बाग नदीच्या काठालाच, तीही पाण्यात गेली. आई जेवेना. घरात आमच्या मोलाचं सामान भिजलं होतं आणि ती विचारत होती, सावर आहे का. तुमच्या स्वतःच्या घरात चिखल भरलेला असताना तुम्ही फोन केलात आणि एकेका झाडाची खबर सांगितलीत, कुठलं उभं आहे, कुठल्याच्या बुडाशी गाळ किती साचलाय. मी स्पीकर लावला होता. आई प्रत्येक नावाला "हं" म्हणत होती.

आई नेहमी वर्गात सांगायची ते आता मला वेगळ्या अर्थाने पटतं. ही बाग १८७९ सालची. सयाजीराव महाराज तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते, राज्याचा कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. पुढे १८९३ मध्ये जर्मनीचे उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल इंग्लंडच्या क्यू बागेतून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. इथल्या बागांचं काम पाहून १९०८ मध्ये ते म्हैसूरला गेले, आणि बंगळुरूचं लालबाग त्यांच्या नावाशी जोडलं गेलं. महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, आपला काळा घोडा, बागेच्या दारात उभा आहे, क्रुम्बिगेलांचं नाव पुस्तकांत आहे. पण सव्वाशे-दीडशे वर्षं रोज सकाळी नळी ओढत नेणारे, आळी करणारे, वाळवी लागली का बघणारे जे होते, त्यांची नावं कुठे आहेत? त्यांनी सांभाळलं म्हणून माझ्या आईला हात ठेवायला झाड मिळालं. शहरात शिकलेली माणसं पुष्कळ आहेत, मोठ्या पाट्यांची माणसं पुष्कळ आहेत. आंधळ्या बाईशी थेट तिच्याशीच बोलावं एवढी साधी माणुसकी मला त्यांच्यात फार थोड्यांत दिसली. तुमच्यात ती होती, आणि तुम्हाला ती कुणी शिकवलीही नव्हती.

आई आता काठी घेऊन एकटी कोपऱ्यापर्यंत जाते. शेजारच्या दोन मुली शनिवारी तिच्याकडे विज्ञान शिकायला येतात. तिने त्यांना बोलावलं ते बागेतून घरी आल्यावर, रिक्षातच तिचं ठरलं होतं. दवाखान्यातल्या कुणीही हे करून दाखवलं नसतं.

एक काम आहे. पाडव्याला आमच्याकडे जेवायला यायचं, काकींना आणि नातवाला घेऊन. आईने श्रीखंडाचा चक्का स्वतः बांधायचा ठरवलंय आणि तुमच्या नातवाला पानांवरून झाडं ओळखायला शिकवणार म्हणतेय. ड्यूटी असेल तर सुटल्यावर या, आम्ही थांबू. बागेतून काही आणू नका, आणि नाही म्हणू नका.

तुमची,
बेनची मुलगी