दहा टक्के भागीदारी म्हणजे दहा टक्के देणं नव्हे

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात जाहीर नोटिसा येतात ना, "मी सदर फर्ममधून अमुक तारखेपासून निवृत्त झालो आहे" वगैरे, तशी एक नोटीस आम्ही वेळेत दिली असती तर माझ्या आईचा प्लॉट आज तिच्या नावावर असता, म्हणून हे पत्र लिहितेय.

मामाचे इथे माग होते. फर्म काढताना सीए म्हणाले अजून एक नाव लागेल, मग आईला घेतलं, 10 टक्के, नावापुरती. डीड, म्हणजे भागीदारीचा करार, इंग्रजीत, खाली आईची सही मराठीत. 2018 ला आई म्हणाली मला यातून मोकळं कर, मामा म्हणाला झालीस मोकळी, घरातच बोलणं झालं आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पुढे धंदा बसला, सूत व्यापाऱ्याची बिलं थकली, आणि एक दिवस बेलीफ समन्स घेऊन दारात, त्यात प्रतिवादी नंबर 2 म्हणून आईचं नाव. खातं उघडताना मामाने व्यापाऱ्याला डीडची झेरॉक्स दिली होती, तेवढं पुरलं.

वडील वकिलांना म्हणत होते, अहो आमचे तर दहाच टक्के. वकिलांनी शांतपणे सांगितलं की ते दहा टक्के तुमच्या तुमच्यात, बाहेरच्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रित आणि स्वतंत्रपणे पूर्ण जबाबदार असतो, म्हणजे व्यापारी ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडून सगळी रक्कम वसूल करू शकतो, मग तुम्ही बसा बाकीच्यांच्या मागे लागत. मामाचे माग आधीच बँकेकडे गेलेले. भावावर केस करायला आई तयार नाही. शेवटी प्लॉट विकून तडजोड केली.

आणि निवृत्तीचं म्हणाल तर नुसतं तोंडी बोलून चालत नाही. रजिस्टर्ड फर्म असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला कळवायचं, राजपत्रात द्यायचं आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या पेपरात छापायचं. तोपर्यंत जे लोक तुम्हाला भागीदार समजून व्यवहार करतात त्यांच्या नव्या देण्यालाही तुम्ही बांधील. जीएसटीचं आणखी वेगळं, तिथे बाहेर पडल्यावर एक महिन्याच्या आत कमिश्नरला कळवावं लागतं, नाहीतर कळवेपर्यंतच्या टॅक्सची जबाबदारी डोक्यावर राहते.

आता कोणी म्हणेल एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढा नाहीतर प्रायव्हेट लिमिटेड. बरोबर आहे, 2008 च्या कायद्याने एलएलपी आली, त्यात आपण घातलेल्या किंवा कबूल केलेल्या भांडवलापुरतीच जोखीम, दुसऱ्या भागीदाराच्या चुकीसाठी आपलं घर जात नाही, फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी. माझा भाऊ गारमेंटच्या युनिटसाठी तेच करतोय. पण परवा बँकेने कर्जाच्या कागदांत मध्येच एक पान घातलेलं, वैयक्तिक हमीचं. ते सही केलं की लिमिटेड हा शब्द त्या कर्जापुरता गेलाच, कारण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी ट्रस्टची योजना आहे, त्यात तारण आणि तिसऱ्या माणसाच्या हमीशिवाय कर्ज मिळू शकतं, ते आधी विचारा असं मी त्याला सांगितलंय.

आपल्याकडे बायको, आई, बहीण यांना नावापुरतं भागीदार करायची पद्धत घरोघरी आहे, वाईट हेतूने नसते हे मान्य. पण सीए आणि वकील मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, डीड इंग्रजीत करा हवं तर, फक्त सहीच्या वर एक ओळ मराठीत टाका, की फर्मचं सगळं देणं माझ्या एकटीच्या घरादारातूनही वसूल होऊ शकतं हे मला वाचून दाखवलं आहे.

एक वाचक, इचलकरंजी