ढिल्या दोरीसाठी

प्रिय ताई,

परवा सराव संपल्यावर तू म्हणालीस, "शेवटच्या फेरीत आता माझ्याच्यानं बोलवत नाही गं." एवढंच म्हणालीस आणि पाण्याची बाटली माझ्या हातात ठेवलीस. मला तेव्हा काही सुचलंच नाही. म्हणून आज लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. निकालपत्रकात माझं, एका अंध धावपटूचं, नाव वाचणाऱ्यांना तू माझी गाइड म्हणून, हातातल्या दोरीनं जोडलेली, माझ्या शेजारी नेमकं काय करत होतीस, ते कळायलाच हवं.

शाळेत माझा खेळाचा तास म्हणजे मैदानाच्या कडेला बसून इतरांची दप्तरं आणि चपला सांभाळणं. कुणी वाईट वागायचं नाही. उलट सगळे जपायचे, आणि त्या जपण्यानंच मी बसून राहिले. पुढे गोलबॉल भेटला. तीन-तीन जणींचे संघ, १८ मीटरचं मैदान, सव्वा किलोचा घुंगरांचा चेंडू. प्रेक्षकांनी गप्प राहायचं, कारण आम्हाला चेंडू ऐकायचा असतो. रेषा म्हणजे चिकटपट्टीखाली दाबलेली दोरी, बोटांनी चाचपली की आपण कुठे आहोत ते कळतं. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली हा खेळ निघाला. मी पहिल्याच दिवशी चेंडू अडवायला जमिनीवर अंग झोकून दिलं आणि कुणीही "सांभाळून" म्हणालं नाही. तो आनंद अजून अंगात आहे.

मग पोहणं. तिथे भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकानं टपली मारतो. त्या एका टपलीच्या भरवशावर पूर्ण वेगात भिंतीवर जायचं. तेही जमलं. धावायचं मात्र धाडस होत नव्हतं. धावताना ना भिंत असते, ना दोरीची रेषा. आणि तिथे तू आलीस.

आमच्या टी११ गटात, म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणाऱ्या धावपटूंच्या गटात, सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी असते आणि गाइडशिवाय धावताच येत नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत आम्हा प्रत्येकीला दोन-दोन लेन लागतात, म्हणून अंतिम फेरीत चौघीच असतात. नियम कडक आहेत. गाइडनं ओढायचं नाही, ढकलायचं नाही, दोरी सोडायची नाही आणि अंतिम रेषा माझ्या आधी ओलांडायची नाही. हा शेवटचा नियम तू मला पहिल्या आठवड्यात सांगितलास तेव्हा अगदी सहज सांगितलास. तू स्वतः धावपटू होतीस, पहिलं येण्यासाठीच लहानपणापासून धावत आलेली. अशा मुलीला शेवटच्या पावलाला स्वतःला मागे धरायला काय लागत असेल, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. आणि गाइड खेळाडूहून वेगवान असावाच लागतो. अंध अमेरिकन धावपटू डेव्हिड ब्राउन २०१४ साली शंभर मीटर १०.९२ सेकंदांत धावला, तेव्हा त्याचा गाइड जेरोम अ‍ॅव्हरी त्याच्या शेजारी तितक्याच वेगानं धावत होता, वर सूचनाही देत होता.

पहिले काही महिने आपण नुसतं चालत होतो, आठवतं? माझा उजवा हात, तुझा डावा, मध्ये वीतभर दोरी. हात बरोबर हलायचे, म्हणून माझा उजवा पाय आणि तुझा डावा एकदम पडायला हवा. चुकला की दोरी ताणायची. तू म्हणायचीस, "दोरी ताणली की समजायचं, आपल्यापैकी कुणीतरी घाबरलंय." बहुतेक वेळा मीच असायचे.

मग ती सकाळ. रस्त्याला उंचवटा होता, तुझं "पायरी" अर्ध्या पावलानं उशिरा आलं आणि मी हनुवटीवर आपटले. तीन टाके. मला दुखलं त्यापेक्षा तुझ्या आवाजाचंच जास्त वाटलं, इतका तो थरथरत होता. पुढचे पंधरा दिवस तू अखंड बोलत राहिलीस. दगड, झाड, माणूस, सायकल, सावली, थोडं डावीकडे, आता सरळ, छान, अजून थोडं. मला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना. शेवटी मी दोरी सोडून मैदानातच उभी राहिले आणि तुझ्यावर ओरडले.

तू काहीच बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस, प्रशिक्षकांच्या हाती दोरीचं टोक दिलंस आणि त्यांना म्हणालीस, "मी हिच्याशी बोलते तसं सगळं बोला." दोनशे मीटर पळून आलीस, धपकन शेजारी बसलीस. तुझा हात थंडगार होता. म्हणालीस, "मी किती बोलते गं!"

ताई, माझं सगळं करिअर त्या वाक्यापासून सुरू झालं असं मी मानते. त्यानंतर आपल्याकडे मोजके शब्द उरले. "वळण." "सरळ." "उचल." शेवटच्या शंभर मीटरला फक्त माझं नाव, तेही एकदाच. बाकी सगळं दोरीनं सांगितलं. माझ्या मनगटाला तुझा वेग कळायचा, वळणाआधी तू खांदा किंचित आत घेतेस तेही कळायचं.

टँडमवर, म्हणजे दोघींनी मिळून चालवायच्या सायकलवर, तर शब्द त्याहून कमी. तू पुढे, मी मागे. ब्रेक, गिअर, हँडल सगळं तुझ्या हातात, माझ्याकडे फक्त पाय. उतारावर मला सुरुवातीला रडू यायचं. मग कळलं की तू पॅडल सैल सोडण्याआधी सायकलच्या सांगाड्यातूनच ते माझ्या तळव्यांना कळतं. म्हणूनच ट्रायथलॉनचं वेड आपल्या डोक्यात शिरलं. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, आणि तिन्हीला एकच गाइड. म्हणजे तुला तिन्ही खेळ नव्यानं शिकावे लागले. माझ्यासाठी उघड्या पाण्यात उतरलीस तेव्हा तुला पाण्याची भीती होती, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

स्पेनच्या अंध खेळाडू सुसाना रोद्रिगेझची गोष्ट तूच मला वाचून दाखवली होतीस. पेशानं डॉक्टर, टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्ण, आणि त्याच स्पर्धेत १५०० मीटरमध्ये पाचवी. "दोन खेळ झेपतात की नाही बघ!" म्हणाली होतीस. मला मात्र तिच्याइतकीच केनियाच्या हेन्री वान्योइकेची गोष्ट आठवत राहते. सिडनी पॅरालिम्पिक २००० ची ५००० मीटरची शर्यत. गाइड आजारी होता, शेवटी शेवटी त्याचं अंगच चालेना, आणि आघाडीवर असलेल्या अंध हेन्रीनं त्याला धीर देत, पुढे रेटत रेषेपर्यंत नेलं आणि सुवर्ण जिंकलं. आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकची मॅरेथॉन. गाइड पेटके येऊन कोसळत होता, स्पेनच्या एलेना काँगोस्तनं रेषेच्या तोंडाशी त्याला सावरायला क्षणभर दोरी सोडली, आणि तिसरी आलेली असूनही त्या दिवशी तिला बाद ठरवलं. ते ऐकून तू बराच वेळ गप्प होतीस. मग म्हणालीस, "माझ्यामुळे तुझ्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही."

परवाचं तुझं वाक्य त्याच दिवशीच्या शब्दातून आलं होतं, हे मला रात्री उलगडलं. गाइडला धावताना बोलण्याइतका दम शिल्लक ठेवावाच लागतो. माझी शर्यतीची वेळ कमी होत गेली, वेग वाढत गेला, तुझा गुडघा कुरकुरायला लागला. तू अजून एक मोसम लपवून ढकलला असतास तर मला कळलंही नसतं. तुझ्या आवाजावर मी आजवर शंका घेतलेली नाही. तरी तू स्वतःहून सांगितलंस. पदक, प्रवास, फोटो सगळं समोर असताना सांगितलंस. मला धावायला शिकवलंस त्याचे आभार आहेतच, पण परवाचे आभार मला कसे मानावेत ते खरंच कळत नाहीये.

नवी मुलगी सोमवारपासून येतेय. वेगवान आहे, मनानं चांगली आहे आणि खूप बोलते. गाठ कशी मारायची ते मी तिला दाखवेन. तू सकाळी सहाला ये. धावू नकोस, नुसती कठड्याशी उभी राहा, डोळे मीट आणि आमची पावलं ऐक. पाय कुठे चुकतोय ते मला नंतर सांग.

तुझीच,
धाकटी